मडावीबाईंनी मोजलेली टिकटिक

टेलिफोन खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे चालतं आणि मी ते मुद्दाम नीट करत नाही. घरात एकच घड्याळ असलं की ते चुकलं तरी कोणाचं काही अडत नाही. भांडण सुरू होतं ते दोन घड्याळं झाली की. माझ्या नोकरीतली उमेदीची वर्षं अशी दोन-दोन, तीन-तीन घड्याळांची भांडणं सोडवण्यात गेली, आणि त्यातलं एक मीच लावून दिलं होतं. संपादकांनी ‘खात्यातल्या गमती लिहा’ असं सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की हीच गोष्ट आधी पुढे येऊन बसते, तेव्हा ती सांगून मोकळा होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वैनगंगेच्या पलीकडे, जंगलातल्या गावांना तेव्हा हाताने फिरवायचे फोन होते. घरातल्या फोनचं हँडल फिरवायचं, की एक्स्चेंजमधल्या लाकडी बोर्डावर त्या घराची पितळी झडप खट्टकन पडायची. मग ऑपरेटर कानाला हेडफोन लावून विचारायची, ‘नंबर प्लीज?’ नंबर म्हणजे सात किंवा अकरा, कारण गावात फोनच पंधरा-वीस. बाहेरगावचा फोन हवा असेल तर ट्रंक कॉल लावायचा आणि वाट पाहत बसायचं. अशा ठिकाणी खात्याने देशी बनावटीची छोटी डिजिटल एक्स्चेंजं बसवायचं ठरवलं. यंत्रांची खोकी नागभीडपर्यंत रेल्वेने येत, पुढे ट्रकने. ती उतरवून घ्यायची, जोडायची आणि चालू करून द्यायची, हे माझं काम. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला इंजिनिअर. नोकरीत तीनच वर्षं झाली होती आणि कॉलर ताठ होती.

मला दिलेलं गाव कोसमवाही. तालुक्याहून चाळीस किलोमीटर, दुपारी एक बस. एक्स्चेंज एका कौलारू घरात होतं. पुढच्या खोलीत जुना लाकडी बोर्ड, मागच्या खोलीत आमचं नवं यंत्र. नव्या यंत्रामुळे लोकांना स्वतः नंबर फिरवून थेट नागपूर लावता येऊ लागलं, आणि खरी मजा तेव्हा सुरू झाली. तांदूळ गिरणीचे मालक बोरकरशेठ घरचा नवा फोन उचलायचे, आतून येणारा ‘ऊंऽऽ’ ऐकायचे आणि त्यालाच सांगायचे, “मडावीबाई, नागपूर लावा बरं.” ऊंऽऽ काही उत्तर द्यायचं नाही. मग शेठ चालत एक्स्चेंजमध्ये यायचे आणि बाईंना विचारायचे, “काऊन बाई, माह्यावर राग हाय का?”

त्या मडावीबाई म्हणजे कोसमवाहीच्या ऑपरेटर. चाळिशीच्या, सावळ्या, उंच. मॅट्रिक होऊन खात्यात लागलेल्या, पंधरा वर्षं त्याच बोर्डावर बसलेल्या. गावातला कोणता आवाज कोणाचा, एवढंच नव्हे तर कोणाच्या आवाजात ताप आहे, हेही त्यांना हेडफोनमधून कळत असे. नवं यंत्र आलं तरी शेठच्या गिरणीसकट बारा जुन्या लाइनींच्या तारा अजून बदलायच्या होत्या, म्हणून तेवढ्यापुरता लाकडी बोर्ड चालू ठेवला होता. या बारा जणांना बाहेरगावी बोलायचं असेल तर बाई आपल्या दोरीची खुंटी नव्या यंत्राला जोडून द्यायच्या. सकाळच्या पाळीला दुसरा ऑपरेटर, दुपारी बारापासून बाई. मागच्या खोलीची किल्लीही बाईंकडेच.

बारा लाइनी बदलून झाल्या की बोर्ड बंद होणार आणि ऑपरेटर जादा ठरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. जादा ठरलेल्या माणसाची बदली होते. बाईंचं घर कोसमवाहीला, तीन एकर धानाची शेती तिथेच, दोन लेकरं शाळेत, आणि सासूचे डोळे गेलेले. दुपारी सासूला भरवून त्या ड्यूटीवर यायच्या. बदली होऊ नये म्हणून त्यांनी अर्ज केला होता की, नव्या यंत्राची देखभाल करायला मला शिकवा, मी शिकेन. तो अर्ज माझ्याच शिफारशीसाठी माझ्या टेबलावर पडून होता.

आता थोडं घड्याळाबद्दल, म्हणजे पुढचं समजेल. डिजिटल एक्स्चेंज बोलण्याचे दर सेकंदाला आठ हजार तुकडे करतं आणि एकामागून एक पुढच्या एक्स्चेंजकडे सरकवतं. धरणाच्या कामावर बायामाणसं रांगेत उभी राहून मातीची घमेली एकीकडून दुसरीकडे देतात, तसं. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा वेग एक असला तर काम झकास. देणारा किंचित जलद असला की घेणाऱ्यापुढे घमेली साचतात आणि मधूनच एक खाली टाकावं लागतं. त्या टाकलेल्या घमेल्याचा फोनमध्ये आवाज येतो, टिक्. अगदी बारीक. बोलण्याच्या ओघात दहातल्या नऊ जणांना तो ऐकूही येत नाही. हा वेग सारखा ठेवण्यासाठी प्रत्येक एक्स्चेंजमध्ये एक घड्याळ असतं. वेळ दाखवणारं नाही, फक्त ठेका धरणारं. आणि नियम असा की लहान एक्स्चेंजने आपलं घड्याळ बाजूला ठेवून मोठ्याचा ठेका घ्यायचा. जिल्ह्याकडून तालुक्याने, तालुक्याकडून कोसमवाहीने.

हे सगळं मला पाठ होतं. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये कोणत्या लाइनीवरून ठेका घ्यायचा, याचा तक्ता मीच भरला होता. तक्त्यात दोन रकाने, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. पहिली लाइन तुटली तर यंत्र आपोआप दुसरीवर जातं. त्या दिवशी जिल्ह्याकडून एकच डिजिटल लाइन आलेली होती, ती मी पहिल्या रकान्यात लिहिली. दुसऱ्यात काय लिहायचं? लिहायला काही नव्हतंच. पण मी ज्या हेडक्लार्कच्या हाताखाली तयार झालो, ते रिकामा रकाना दिसला की फॉर्म तोंडावर परत मारत. रिकामा रकाना म्हणजे कामचुकारपणा, ही त्यांची शिकवण माझ्या हाडीमासी खिळली होती. म्हणून मी दुसऱ्या रकान्यात कोसमवाहीची लाइन लिहून टाकली. महिन्याने जिल्ह्याकडून दुसरी लाइन आली. तक्ता बदलायचं माझ्या मनातही आलं नाही.

उन्हाळा तापू लागला तशा कोसमवाहीच्या तक्रारी येऊ लागल्या. सकाळी सगळं ठीक. दुपारी मात्र नागपूर-चंद्रपूरचे फोन बोलता बोलता तुटायचे. बोरकरशेठ मला तालुक्याला गाठून म्हणाले, “साहेब, तुमचं मशीन दुपारी झोपते का? आमचं हातानं फिरवायचं होतं थेच बरं होतं.” मी तालुक्याच्या यंत्राचा छापील कागद पाहिला. त्यावर घड्याळासमोर लिहिलेलं असायचं, ‘नॉर्मल’. यंत्र नॉर्मल म्हणतंय म्हटल्यावर मी दुसरीकडे शोधू लागलो.

एका दुपारच्या बसने न कळवता कोसमवाहीला गेलो. मागच्या खोलीचं दार उघडं, आणि यंत्राच्या कपाटाचं पुढचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. बाई बोर्डावर होत्या.

“हे कोणी उघडलं?” मी विचारलं.

“मीनंच खोललं जी साहेब. लय गरम होऊन राह्यलं होतं. हात लावला तं चटका बसे. म्हून वारा लागू द्या म्हटलं.”

माझ्या मनात हिशेब झाला. फोन तुटतात ते दुपारी. दुपारी पाळी बाईंची. किल्ली बाईंकडे. कपाट उघडं. आणि नवं यंत्र फसलं तर बोर्ड राहणार, बोर्ड राहिला तर बदली टळणार. मला वाटलं, मी फार हुशार. तालुक्याला परत येऊन मी डिव्हिजनल साहेबांना अहवाल लिहिला. ‘सदर दोष यंत्रातील नसून दुपारपाळीच्या ऑपरेटरच्या हस्तक्षेपामुळे उद्भवत असल्याचा दाट संशय आहे.’ हे वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. त्यांच्या अर्जावरही मी शेरा मारला, ‘शिफारस नाही.’

तीन आठवड्यांनी आदेश आला. मडावीबाईंची बदली सिरोंचाला, पंधरा दिवसांत हजर व्हावं. सिरोंचा म्हणजे गोदावरीचा काठ, जिल्ह्याचं दुसरं टोक, कोसमवाहीहून दोन बसा बदलून पूर्ण दिवसाचा रस्ता. तिथल्या बाजारात तेलुगू बोलतात. तिथे ना घर, ना शेत, ना सासूला भरवायला कोणी. आणि गावात आधीच बोभाटा झाला होता की बाईंनीच मशीन बिघडवलं. ही बातमी अर्थातच बोरकरशेठच्या गिरणीतून फिरली, आणि शेठना ती माझ्याकडूनच कळली होती.

किल्ल्या ताब्यात घ्यायला मीच गेलो. वर ऊन रणरणत होतं. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी ट्रंक कॉलच्या जुन्या तिकिटांचा एक गठ्ठा ठेवला. प्रत्येक ट्रंक कॉलची नोंद करायचं ते बोटभर रुंदीचं तिकीट. गठ्ठा दोऱ्याने बांधलेला.

“हे काय?” मी विचारलं.

“तुमी अहवाल लेहला साहेब, मीनंही लेहला. इंग्रजी येत नाई मले चांगली. म्हून आकडेच लेहले.”

मी दोरा सोडला. तिकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूला तारीख, वेळ आणि एका ओळीत आकडे. अठ्ठावन्न, एक्कावन्न, चाळीस, एकतीस, बावीस, चौदा, नऊ. आणि शेवटी ‘कट’. दुसऱ्या तिकिटावर तसंच. तिसऱ्यावर तसंच. तीन आठवड्यांची तिकिटं.

“कशाचे आकडे आहेत हे?”

“टिकटिकीचे. फोन तुटाच्या आंधी लाइनीत टिक्, टिक् होते. दोन टिकांच्या मंधात किती सेकंद जातेत थे लेहलं. सुरुवातीले दूर-दूर येते, मग जवळ-जवळ येत जाते, अन् मंग कट.”

“टिकटिक ऐकू येते तुम्हाला?”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली पाहिलं. पंधरा वर्षं ट्रंक कॉलची तीन मिनिटं मोजणाऱ्या कानाला मी हा प्रश्न विचारत होतो.

“कोणालाही फोन लावला तरी येते का?” मी सावरून विचारलं.

“नाई जी. तालुक्याले लावला तं एकदम साफ. जिल्ह्याले नाई तं नागपूरले लावला का सुरू. अन् दुपारीच. सकाळच्यानं मी सुट्टीच्या दिवशीही येऊन पाह्यलं, नाई येत.”

एवढं ऐकलं आणि मी पहिल्या तिकिटापासून आकडे पुन्हा वाचत गेलो. कारण हे आकडे काय सांगत होते, ते त्या खोलीत फक्त मलाच कळू शकत होतं. दोन एक्स्चेंजांची घड्याळं नुसती वेगळी असतील तर टिकटिक एकसारख्या अंतराने येते, मिनिटाला एक तर मिनिटाला एकच. अंतर कमी कमी होत जातं याचा अर्थ एकच. ठेका सतत पळत सुटला आहे. आणि ठेका तेव्हाच असा पळतो, जेव्हा दोन घड्याळं एकमेकांकडे बघून चालतात. हा त्याच्याकडे बघून किंचित जलद होतो, तो याच्याकडे बघून आणखी किंचित जलद. धरून ठेवणारं तिसरं कोणी नाही. शेवटी वेग यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला की यंत्र हात वर करतं आणि सगळे फोन कापतं.

दुसरी पसंती, कोसमवाही. माझ्याच अक्षरातला तो रकाना डोळ्यांपुढे आला.

दुपारी तालुक्याला वीज जायची. वीज गेली की तिथल्या खोलीतली थंड हवा बंद, आणि जिल्ह्याच्या पहिल्या लाइनीचं कार्ड तापून मुकं व्हायचं. बोलणी दुसऱ्या लाइनीवरून चालू राहायची, म्हणून कोणाच्या लक्षात यायचं नाही. पण ठेक्यासाठी यंत्र माझा तक्ता बघायचं. तक्ता सांगायचा, कोसमवाहीकडून घे. आणि कोसमवाही तर तालुक्याकडूनच घेत होतं! यंत्र इमानदार. त्याला दुसरी पसंती मिळाली होती, म्हणून ते ‘नॉर्मल’ छापत होतं.

मी बाईंना हे कसंबसं समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे धानाच्या रोवणीत दोघी एकमेकींकडे पाहून रोवत गेल्या, तसं झालं. दोरी लावली नाई तं ओळ वाकडीच जाईन न साहेब.”

“हो,” मी म्हणालो. “दोरी मी लावली नाही.”

त्यांनी खुंटी उचलली, तालुक्याचं एक्स्चेंज जोडलं आणि हेडफोन माझ्यापुढे धरला. मी तिथल्या माणसाला सांगितलं, घड्याळाच्या तक्त्यातली दुसरी पसंती पुसून टाक. तो म्हणाला, “साहेब, रकाना रिकामा ठेवू?” मी म्हणालो, “रिकामा ठेव बाबा, अगदी कोरा ठेव.” मग बाईंनी जिल्ह्याला एक लाइन जोडून धरली, डोळे मिटले आणि बोटं टेबलावर ठेवून मोजू लागल्या. अर्धं मिनिट गेलं. दीड गेलं. मी घामाघूम.

“आली एक,” त्या म्हणाल्या. पुन्हा बराच वेळ काही नाही. “दुसरी. दोन मिनिटं दहा सेकंद.” पुन्हा तेवढाच वेळ. “दोन मिनिटं दहा. पळत नाई आता. एकसारखी हाय.”

तालुक्याचं यंत्र आता स्वतःच्या घड्याळावर, थोडंसं चुकीचं पण इमानाने चालत होतं. दोन दिवसांनी मी दुसऱ्या रकान्यात जिल्ह्याची दुसरी लाइन लिहिली, तापणारं कार्ड बदललं, आणि बाईंनी पूर्ण दुपार ऐकून एकच शब्द सांगितला, “साफ.” माझ्याकडे ठेका मोजायचं कोणतंही उपकरण नव्हतं. ते नागपूरला होतं आणि मागवायला दोन महिने लागत. एका हेडफोनवर आणि एका बाईच्या कानावर मी घड्याळाचा दोष पकडला होता. याचा मला आजही अभिमान आहे, फक्त तो माझा नाही, त्यांचा आहे.

दोष निघाला, पण बदली तशीच होती. आता बारा दिवस उरले होते.

मी डिव्हिजनल साहेबांना फोन केला. ते पुण्याकडचे, सभ्य, सगळ्यांशी गोड बोलणारे. सगळं ऐकून म्हणाले, “अहो रामटेके, झालं ना दुरुस्त? मग लिहा, ‘दोष निवारण केला.’ कारण लिहायची गरज नाही. तुमची बढतीची फाईल वर गेलेली आहे. कशाला स्वतःच्या हाताने शाई सांडता?”

“आणि मडावीबाईंची बदली, साहेब?”

“ती काय, ऑपरेटर जादा होणारच होत्या. आज नाही तर उद्या.”

आमच्या खात्यात एक शेरा फार प्रसिद्ध होता. तक्रार आली, माणूस गेला, काही सापडलं नाही किंवा सांगायचं नसलं, की रजिस्टरमध्ये लिहायचं, ‘तपासणीअंती बरोबर आढळले.’ अशा शेऱ्यांवर कित्येकांच्या नोकऱ्या सुखाने पार पडल्या. मी एस.टी. स्टँडच्या हॉटेलात चहा घेत बसलो आणि तोच शेरा लिहिला. खोटं कशाला बोलू, लिहिला. बढती मिळाली असती तर आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले असते. बाबांनी त्यासाठी शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण कागदाची घडी घालताना खिशातला तो तिकिटांचा गठ्ठा हाताला लागला. ज्या बाईला मी चोर ठरवलं, ती तीन आठवडे त्याच चोराचा माग काढत बसली होती, आणि सापडलेला चोर तिने माझ्याच हातात दिला होता. मला माझी फार लाज वाटली.

मी दुसरा कागद घेतला. सरळ मराठीत लिहिलं. तक्ता मी भरला, चुकीचा भरला, मागचा अहवाल चुकीचा होता, तो मी मागे घेतो. दोषाचा शोध ऑपरेटर मडावी यांनी स्वतःच्या निरीक्षणाने लावला, नोंदी सोबत जोडल्या आहेत. नव्या यंत्राच्या देखभालीचं प्रशिक्षण त्यांना द्यावं, अशी माझी शिफारस आहे. तिकिटं टाचून पाकीट टाकलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझी बढती दोन वर्षं लांबली. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, मीही नाही. पण बदली रद्द झाल्याचा आदेश आठव्या दिवशी हातात पडला, बाईंना प्रशिक्षणाला पाठवण्याच्या पत्रासकट. सिरोंचाला जायला चारच दिवस उरले होते. तो कागद टपालाने न पाठवता मी दुपारच्या बसने स्वतः कोसमवाहीला नेला.

बाईंनी आदेश वाचला. पदराने चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मी माफी मागितली. मनात ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरलो आणि नुसतं म्हणालो, “मडावीबाई, चुकलो मी.”

“तुमी मले सांगून राह्यले साहेब,” त्या म्हणाल्या. “मले तं पह्यलेच ठाऊक होतं. ज्याइले ठाऊक नाई, त्याइले सांगा न.”

“कोणाला?”

त्यांनी स्टूल सरकवून मला बोर्डापुढे बसवलं, हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि पहिली खुंटी लावली. “हे गिरणी. बोला.”

पलीकडून बोरकरशेठचा आवाज आला. मी नाव सांगितलं आणि म्हणालो, “शेठ, दुपारी फोन तुटत होते ते माझ्या चुकीमुळे. मडावीबाईंनी काही केलं नव्हतं. उलट चूक त्यांनीच शोधून काढली.” शेठ म्हणाले, “बाप्पा! अन् मी तं पूर्ण गावात...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. बाईंनी खुंटी काढली.

“हे दवाखाना.”

मी तेच पुन्हा सांगितलं. मग शाळा. मग रेंजर ऑफिस. मग पोलीस ठाणं, तिथल्या जमादाराने मला दोनदा विचारलं की ही तक्रार नोंदवायची आहे का. मग किराणा दुकान, ग्रामपंचायत, सोसायटी. प्रत्येक वेळी वाक्य तेच, पण प्रत्येक वेळी तोंडातून काढणं थोडं सोपं होत गेलं. बाई एक खुंटी काढायच्या, दुसरी लावायच्या. बाराही लाइनी झाल्या. मी हेडफोन काढू लागलो तर त्यांनी हात धरला.

“एक राह्यली.”

त्यांनी ट्रंक लाइनीला खुंटी लावली. जिल्ह्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये आठ-दहा ऑपरेटर बाया एका रांगेत बसत. मडावीबाई पंधरा वर्षं त्यांच्याशी रोज बोलत होत्या, त्यातल्या एकीचंही तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अहवालाची बातमी तिथपर्यंत गेली होती. ऑपरेटरने लाइन कापली, याच्याइतकी वाईट गोष्ट त्या बायांमध्ये दुसरी नव्हती. त्या दिवसापासून त्या बाया मडावीबाईंशी कामापुरतंच बोलत होत्या, हे बाईंनी मला आधी सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं.

“नर्मदाबाई,” त्या माझ्या तोंडापुढच्या फोनमध्ये वाकून म्हणाल्या, “सगळ्याइले लाइनीवर घ्या. साहेब बोलून राह्यले.”

पलीकडे एकामागून एक खुंट्या लागल्याचे आवाज आले. खट्, खट्, खट्. मी बोललो. तेराव्यांदा तेच बोललो, आणि शेवटी म्हणालो की असा कान मी खात्यात दुसरा पाहिलेला नाही. बोलून झालं.  मग त्या नर्मदाबाईंचा म्हातारा, बसका आवाज आला, “मडावीबाई, आमी तुमच्याशी बोललो नाई. आमचंच चुकलं. माफ करजा माय.” आणि मागोमाग आणखी आवाज, “आमाले बी,” “आमाले बी जी.”

मी हेडफोन काढून बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो लावला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.  गेल्या पाच आठवड्यांत मी त्यांना एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरून आले आणि मी उगीच खिडकीकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात बोर्डावर शाळेची झडप पडली. बाईंनी पदराने डोळे पुसले, पाठ सरळ केली, खुंटी उचलली आणि रोजच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “नंबर प्लीज?”